आयबीएमने स्वतः उघडलेलं दार: पीएस/२ आणि मायक्रो चॅनेल, एक प्रकरण अभ्यास

२ एप्रिल १९८७ रोजी आयबीएमने पर्सनल सिस्टम/२ ही संगणकांची नवी मालिका जाहीर केली. मॉडेल ३०, ५०, ६० आणि ८०. यांतल्या ५०, ६० आणि ८० या यंत्रांमध्ये कार्ड बसवायचे स्लॉट मुळापासून बदललेले होते. या नव्या बसचं, म्हणजे कार्डं आणि बाकीचं यंत्र यांच्यात डेटा नेणाऱ्या तारांच्या मार्गाचं, नाव मायक्रो चॅनेल. जुन्या पीसीतलं किंवा एटीतलं (आयबीएमच्याच पीसीच्या पुढच्या पिढीतलं) कोणतंही कार्ड त्यात चालत नव्हतं. सिग्नल वेगळे होते आणि जोडणीचा आकारही वेगळा, त्यामुळे कार्ड आत जातच नसे. शिवाय ही बस पेटंटांनी बांधलेली होती. दुसऱ्या कंपनीला तसा संगणक करायचा असेल, तर आयबीएमचा परवाना घेणं भाग होतं.

सहा वर्षांपूर्वी याच कंपनीने आपल्या पीसीची सर्किट-आकृती पुस्तकात छापून विकली होती. ज्याला हवं त्याने कार्ड बनवावं, असं ते खुलं आमंत्रण होतं. खुल्या मॉडेलवर वाढलेला धंदा त्याच कंपनीने मध्येच बंद करायचा प्रयत्न केल्यावर काय होतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण या उद्योगात नाही.

१९८१ मध्ये नेमकं काय उघडं होतं

आयबीएम पीसी, मॉडेल ५१५०, १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. फ्लोरिडातल्या बोका रेटन इथल्या छोट्या गटाला वर्षभरात यंत्र उभं करायचं होतं. बिल लोव यांनी प्रस्ताव मांडला आणि डॉन एस्ट्रिज यांनी तो तडीस नेला. कंपनीच्या नेहमीच्या पद्धतीने प्रत्येक सुटा भाग घरात बनवायचा, तर ही मुदत पाळणं अशक्य होतं. म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ४.७७ मेगाहर्ट्झचा. फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचे, प्रिंटर एप्सनचा आणि ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे डॉस, मायक्रोसॉफ्टची. खुलेपणाचा निर्णय कोणा तत्त्वज्ञानातून आलेला नव्हता, तो मुदतीतून आला होता. पुढचं सगळं समजायला हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण काय उघडं सोडतोय आणि त्याची किंमत काय, याचा हिशेब त्या वेळी कोणी मांडलेलाच नव्हता.

सर्वांत स्वस्त यंत्र १,५६५ डॉलरचं. त्यात मेमरी १६ किलोबाइट आणि फ्लॉपी ड्राइव्ह एकही नाही. मदरबोर्डवर बाहेरचं जोडायला कीबोर्ड आणि कॅसेट एवढ्या दोनच जागा. पडदा, फ्लॉपी, प्रिंटर, सीरियल पोर्ट या सगळ्यांसाठी वेगळं कार्ड आणि स्लॉट पाच. प्रत्येक स्लॉटला ६२ संपर्क: पत्त्याच्या २० तारा, डेटाच्या ८, सहा इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायच्या तारा), तीन डीएमए वाहिन्या (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत डेटा नेणाऱ्या), उरलेले वीजपुरवठा, घड्याळ आणि नियंत्रण. हे सगळं तांत्रिक संदर्भपुस्तिकेत वेळेच्या आलेखांसकट दिलेलं.

पाच स्लॉट चुटकीसरशी भरत. म्हणून दोन-तीन कामं एकाच कार्डात बसवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. एएसटीचं सिक्सपॅक प्लस हे त्यांतलं गाजलेलं कार्ड. ३८४ किलोबाइटपर्यंत मेमरी, बॅटरीवरचं घड्याळ, एक सीरियल आणि एक पॅरलल पोर्ट, सगळं एका स्लॉटमध्ये. हर्क्युलिसने १९८२ मध्ये एकरंगी पडद्यावर ७२० बाय ३४८ ठिपक्यांचं रेखाचित्रण आणलं. ते आयबीएमच्या स्वतःच्या एकरंगी कार्डाला जमत नव्हतं. मूळ यंत्रातली उणीव दुसऱ्यांनी भरून काढली आणि त्याने यंत्र आयबीएमचंच जास्त खपलं. दर कार्डागणिक ग्राहकाचे पैसे मात्र स्लॉटमध्ये गुंतत गेले.

एकच कुलूप, आणि तेही कागदावरचं

आयबीएमने स्वतःकडे राखलेली गोष्ट एकच: बायोस. पीसीच्या ८ किलोबाइट रॉममधला (कायम कोरलेल्या मेमरीतला) हा प्रोग्रॅम यंत्र सुरू करतो आणि पडदा, डिस्क, कीबोर्ड यांच्याशी बोलतो. त्याचा संपूर्ण असेम्ब्ली मजकूर, टिपणांसकट, त्याच संदर्भपुस्तिकेत छापलेला होता. यात एक कायदेशीर सापळाही होता. मजकूर सर्वांना वाचायला मोकळा, पण त्यावर कॉपीराइट. ज्याने तो वाचला त्याने लिहिलेल्या बायोसवर नकलेचा आरोप सहज टिकला असता. १९८४ मध्ये आयबीएमने कोरोना आणि ईगल या दोन कंपन्यांना याच मुद्द्यावर पकडलं आणि त्या कंपन्यांनी ते बायोस वापरणं थांबवायचं कबूल केलं.

सरळ मार्ग कॉम्पॅकने काढला, पुढे फीनिक्स टेक्नॉलॉजीजने त्याचा धंदा केला. पद्धत अशी. पहिला गट आयबीएमचा मजकूर वाचतो आणि प्रत्येक कार्याचं वर्णन लिहितो. प्रोसेसरमधल्या कोणत्या रजिस्टरमध्ये (छोट्या साठ्यात) काय आलं तर काय परत जायचं, चूक झाली तर कोणता कोड, एवढंच. आज्ञांचा क्रम त्यात येऊ द्यायचा नाही. दुसरा गट त्या वर्णनावरून नव्याने कोड लिहितो. या गटातल्या कोणीही मूळ मजकूर पाहिलेला नसावा आणि दोन्ही गटांचं बोलणं फक्त लेखी व्हावं. हा पत्रव्यवहार जपून ठेवायचा, कारण उद्या न्यायालयात तोच पुरावा. फीनिक्सने मे १९८४ पासून आपलं बायोस परवान्यावर विकायला काढलं, आणि ज्या छोट्या कंपन्यांना असा गट पोसणं परवडत नव्हतं त्यांचाही मार्ग मोकळा झाला.

खरं काम मात्र वर्णनाच्या पलीकडे होतं. नियमाप्रमाणे प्रोग्रॅमने बायोसला इंटरप्टमार्फत हाक मारायची: पडद्यासाठी १०, डिस्कसाठी १३, कीबोर्डसाठी १६, हे सगळे षोडशमान आकडे. प्रत्यक्षात काही प्रोग्रॅम बायोसमधल्या ठरावीक पत्त्यावर थेट उडी मारत. म्हणून नव्या बायोसमध्ये ती प्रवेशस्थानं त्याच पत्त्यांवर ठेवावी लागली, मधल्या जागा मोकळ्या सोडून. लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्रॅम पडद्याच्या मेमरीत थेट लिहायचा. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर हार्डवेअर परस्पर ताब्यात घ्यायचा. हे दोन चालले की यंत्र ‘शंभर टक्के कंपॅटिबल’, अशी बाजारातली परीक्षाच ठरून गेली. बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची आणखी एक अडचण होती. आयबीएमच्या डॉसमधलं बेसिक आपला बराच भाग यंत्राच्या रॉममधून उचलत असे. नकली यंत्रात, म्हणजे इतरांनी बनवलेल्या पीसीसारख्या यंत्रात, तो रॉम नसल्याने ते चालायचं नाही. म्हणून पूर्णपणे डिस्कवरून चालणारं जीडब्ल्यू-बेसिक आलं.

ज्यांनी एमएस-डॉस घेतलं पण हार्डवेअर आपल्या मनाचं ठेवलं, त्यांचे हात पोळले. डेकचं रेनबो, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं प्रोफेशनल कॉम्प्युटर, टँडी २०००. यांतली काही यंत्रं पीसीपेक्षा वेगवान किंवा रेखाचित्रणात सरस होती. पण पीसीसाठीचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालत नसेल, तर ग्राहकाच्या दृष्टीने ते गुण बिनकामाचे. कॉम्पॅकने मात्र पोर्टेबल संगणक बारीकसारीक गोष्टींत जुळवून घेतला आणि १९८३ या विक्रीच्या पहिल्याच वर्षात ११.१ कोटी डॉलरची उलाढाल केली.

दोन किल्ल्या दुसऱ्यांच्या खिशात

आयबीएमचं यंत्र खुलं होतं असं आपण सरसकट म्हणतो. ते अर्धंच खरं. त्यातले दोन थर पूर्ण बंद होते, फक्त ते आयबीएमचे नव्हते.

पहिला थर डॉस. मायक्रोसॉफ्टने सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्सकडून ८६-डॉस एकूण ७५,००० डॉलरला घेतलं आणि आयबीएमला दिलं, पण इतरांना विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला. त्यामुळे बायोसचं कुलूप निघताच उरलेलं सॉफ्टवेअर तयारच होतं. हीच एक अट वेगळी असती तर नकला कितपत फोफावल्या असत्या याची शंका वाटते.

दुसरा थर प्रोसेसर. ८०८८ च्या वेळी आयबीएमने दुसरा पुरवठादार हवा असा आग्रह धरला आणि एएमडीसारख्या कंपन्यांना परवाने मिळाले. १९८५ मध्ये ८०३८६ आला तेव्हा इंटेलने तो एएमडीसारख्या दुसऱ्या पुरवठादारांना बनवू दिला नाही. एएमडीचा ३८६ बाजारात यायला १९९१ उजाडलं. म्हणजे मधला थर खुला होत होत स्वस्त होत गेला, आणि नफा वरच्या व खालच्या बंद थरांकडे सरकला. आयबीएम त्या मधल्या थरात उभी होती.

सप्टेंबर १९८६ मध्ये कॉम्पॅकने डेस्कप्रो ३८६ आणला, १६ मेगाहर्ट्झचा. आयबीएमकडे तेव्हा ३८६ चं यंत्रच नव्हतं. प्रमाण कोण ठरवतं, याचं उत्तर त्या दिवशी बदललं. मायक्रो चॅनेलची तयारी त्याआधीपासून चालू होती, पण हे घडल्यावर ती वेळेवर आली की वरातीमागून घोडं, हा प्रश्न उभा राहिला.

मायक्रो चॅनेल: गुण खरे होते

इथे आयबीएमवर अन्याय होऊ नये. जुन्या बसचे दोष खरेच त्रासदायक होते आणि नव्या बसने ते नीट सोडवले होते. एक कार्ड बसवताना दोन्हीकडे काय करावं लागे ते पाहा.

जुन्या एटीमध्ये नेटवर्क कार्ड बसवायचं. आधी कार्डावरचे जम्पर, म्हणजे मांडणी ठरवणाऱ्या हाताने हलवायच्या पिना-टोप्या, पाहायचे. एका पट्टीवर इंटरप्ट, दुसरीवर पत्ता. पहिला सीरियल पोर्ट इंटरप्ट ४ वर, दुसरा ३ वर, फ्लॉपी ६ वर, प्रिंटर ७ वर. बऱ्याच नेटवर्क कार्डांची कारखान्यातली मांडणी ३ वरच असे. आत मोडेम दुसऱ्या सीरियल पोर्टवर असेल तर गाठ तिथेच पडली. यंत्र सुरू होतं, दोन्ही कार्डं वेगवेगळी चालतात, आणि दोन्ही एकदम वापरली की सगळं गोठतं. कारण या बसवर सिग्नलची पातळी बदलते त्या क्षणाचीच दखल घेतली जाते. एकाच तारेवर दोन कार्डांनी हाक मारली तर एक हाक हरवते. मग झाकण उघडा, जम्पर हलवा, सॉफ्टवेअरमध्ये तोच आकडा भरा, परत सुरू करा. जम्परचा तक्ता हरवला असेल तर एकेक शक्यता तपासत बसा.

मायक्रो चॅनेलमध्ये जम्परच नाहीत. प्रत्येक कार्डात १६ बिटांचा ओळखक्रमांक. यंत्र सुरू होताना प्रत्येक स्लॉटमधला क्रमांक वाचून बॅटरीवरच्या मेमरीतल्या नोंदीशी ताडून पाहतं. जुळला नाही तर पडद्यावर चूक दाखवणारा १६५ हा कोड. मग संदर्भ-डिस्केट घालायची, कार्डासोबत आलेली वर्णन-फाइल त्यावर उतरवायची आणि आपोआप मांडणी करून घ्यायची. फाइलीच्या नावातच तो ओळखक्रमांक असतो. इंटरप्टची पातळी धरून ठेवता येते, त्यामुळे एका तारेवर अनेक कार्डं नांदतात. बसचा ताबा घेऊन स्वतः मेमरीत डेटा टाकणाऱ्या कार्डांसाठी प्राधान्याची नीट व्यवस्था आहे. घड्याळ १० मेगाहर्ट्झ, रुंदी १६ किंवा ३२ बिट.

याचीही दुसरी बाजू होतीच. वर्णन-फाइलची डिस्केट हरवली की धडधाकट कार्ड निकामी, कारण हाताने बदलायला काहीच नाही. नोंद स्लॉटनिहाय असल्याने कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये सरकवलं तरी १६५. मदरबोर्डाची बॅटरी संपली की सगळी मांडणी पुसली जाणार. तरीही एकूण पाहता अभियांत्रिकी सरसच होती.

मग घोडं कुठे अडलं

पहिली गोष्ट, या सुधारणेची गरज ज्यांना होती ते ग्राहक तेव्हा थोडे होते. अनेक जोरदार डिस्क आणि नेटवर्क कार्डं एकाच वेळी धावतात अशा सर्व्हरमध्ये बसचा वेग जाणवतो. टेबलावर लोटस आणि पत्रलेखन करणाऱ्याला तो जाणवत नव्हता. त्याचा वेग प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या रस्त्यावर ठरत होता, आणि तो रस्ता कॉम्पॅकने स्लॉटपासून वेगळा काढला. १९८७ च्या डेस्कप्रो ३८६/२० मध्ये मेमरीची वाहिनी प्रोसेसरच्या वेगाने धावते आणि स्लॉटची बस आपल्या जुन्या ८ मेगाहर्ट्झच्या चालीने चालते. जुनी कार्डं जशीच्या तशी चालली आणि यंत्रही वेगवान झालं. आयबीएमने संपूर्ण बस बदलून जे द्यायचं म्हटलं, त्यातला टेबलावरच्या ग्राहकाला हवा असलेला भाग कॉम्पॅकने बस न बदलता दिला.

दुसरी गोष्ट पैशाची. नव्या यंत्रात जुनं मेमरी कार्ड, मोडेम, प्रयोगशाळेतलं मोजमापाचं कार्ड यांतलं काहीच येणार नाही, म्हणजे यंत्राच्या किमतीत या सगळ्यांची नवी किंमत मिळवायची. कार्ड बनवणाऱ्यांचाही हिशेब तसाच. नवं डिझाइन, नवी चाचणी आणि सुरुवातीला थोडे ग्राहक. त्यांनी जुन्याच बसची कार्डं आधी काढली.

तिसरी गोष्ट परवान्याची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे झाली. आयबीएमने विक्रीच्या ५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी मागितली आणि परवाना घेणाऱ्याने आधी विकलेल्या पीसी-एटी नकलांबद्दलही भरपाई द्यावी असा आग्रह धरला. नकली यंत्रांच्या धंद्यात किमतीची चढाओढ इतकी की ५ टक्के म्हणजे पुष्कळांचा सगळा नफा. मागची बाकी तर त्याहून अवघड, कारण ती मान्य करणं म्हणजे आजवरचा धंदा कर्जावर चालला होता असं कबूल करणं. टँडीने १९८८ मध्ये ५००० एमसी हे मायक्रो चॅनेलचं यंत्र आणलं. फार थोडे त्या वाटेने गेले.

सप्टेंबर १९८८ मध्ये नऊ कंपन्या एकत्र आल्या: एएसटी, कॉम्पॅक, एप्सन, एचपी, एनईसी, ऑलिवेट्टी, टँडी, वाइज आणि झेनिथ. एकमेकांच्या कट्टर स्पर्धक. त्यांनी ईसा नावाची ३२ बिटांची बस जाहीर केली. ‘एटी बस’ म्हणणं आयबीएमच्या नावाशी बांधलेलं, म्हणून जुन्या बसचं बारसंही त्यांनीच केलं: इंडस्ट्री स्टँडर्ड आर्किटेक्चर, आयसा. आज आपण ज्या नावाने ती बस ओळखतो ते नाव नकलाकारांनी दिलेलं आहे.

ईसाचा स्लॉट नीट पाहण्यासारखा आहे. त्यात संपर्कांच्या दोन रांगा, एकीखाली एक. वरच्या रांगेत जुने ९८ संपर्क जसेच्या तसे. खालच्या रांगेत नवे. मध्ये प्लास्टिकच्या अडण्या. जुनं कार्ड खुपसलं की ते अडणीवर टेकतं आणि वरच्याच रांगेला भिडतं. नव्या कार्डाच्या कडेला त्या अडण्यांच्या जागी खाचा कापलेल्या असतात, म्हणून ते तळापर्यंत उतरतं आणि दोन्ही रांगा वापरतं. स्लॉट तोच, लांबी तीच. सगळा वाद ज्या मुद्द्यावर होता त्याचं उत्तर या प्लास्टिकच्या तुकड्यांत आहे. घड्याळ ८.३३ मेगाहर्ट्झवरच ठेवलं, तरी ३२ बिटांच्या सलग वहनात सेकंदाला ३३ मेगाबाइटची सैद्धांतिक मर्यादा गाठली. ओळखक्रमांक, आपोआप मांडणी, वाटून घेता येणारे इंटरप्ट, हे सगळं मायक्रो चॅनेलसारखंच.

ईसा महाग होती आणि १९८९ च्या अखेरीस कॉम्पॅकच्या सिस्टमप्रोसारख्या सर्व्हरमध्येच मुख्यतः दिसली. साध्या यंत्रांत ती फारशी गेली नाही. तिचा खरा उपयोग वेगळा झाला. आयसा मरणार नाही, पुढची पायरी आहे, एवढी खात्री बाजाराला मिळाली आणि लोक निर्धास्तपणे आयसाची यंत्रं घेत राहिले. आयबीएमनेही १९८८ मध्ये पीएस/२ मॉडेल ३० च्या २८६ आवृत्तीत आयसाचे १६ बिटी स्लॉट दिले.

काय टिकलं, काय गेलं

पीएस/२ ची विभागणी फार बोलकी आहे. पडद्यावरच्या चित्रणाची व्हीजीए पद्धत, ६४० बाय ४८० ठिपके आणि १६ रंग, सगळ्यांनी उचलली. १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी, कीबोर्ड-माउसचे सहा पिनांचे गोल पोर्ट, ७२ पिनांच्या मेमरी पट्ट्या, हेही रूढ झालं. कीबोर्डाच्या त्या पोर्टला तर लोक अजून पीएस/२ म्हणतात. यांतली कोणतीही गोष्ट घेताना ग्राहकाला आपली सगळी जुनी कार्डं टाकावी लागत नव्हती. गेलं ते फक्त मायक्रो चॅनेल.

तेच मायक्रो चॅनेल आयबीएमने १९९० च्या आरएस/६००० वर्कस्टेशनमध्ये वापरलं आणि तिथे ते रीतसर चाललं. तिथे ग्राहकाने बाहेरचं एकही जुनं कार्ड आणलेलं नव्हतं, ऑपरेटिंग सिस्टिम आयबीएमची, प्रोसेसर आयबीएमचा. ॲपलच्या मॅकिंटॉशचंही तसंच: १९८४ पासून बंद, पहिल्या यंत्रात स्लॉटच नाहीत, म्हणून बंद करायला दारही नव्हतं. ॲपलने १९९५ मध्ये उलटा प्रयोग केला, नकलांना परवाने दिले. नव्या ग्राहकांऐवजी पॉवर कम्प्युटिंगसारख्या कंपन्यांनी ॲपलचेच चांगले ग्राहक नेले. १९९७ मध्ये ॲपलने ते परवाने गुंडाळले आणि पॉवर कम्प्युटिंगचा मॅकचा धंदा १० कोटी डॉलरच्या समभागांत विकत घेतला.

असाच निर्णय समोर असेल तर या प्रकरणातून उचलायच्या तपासण्या बसच्या वेगाशी संबंधित नाहीत. बंद करायच्या थरावर ग्राहकाने स्वतःचे किती पैसे लावले आहेत, हे आधी मोजावं. १९८७ मध्ये तो आकडा दुर्लक्ष करण्याजोगा राहिला नव्हता. दुसरं, त्या थराच्या वर आणि खाली कोणाचे बंद थर आहेत आणि त्यांना तुमचा थर खुला राहण्यात फायदा आहे का. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल दोघांनाही नकला हव्याच होत्या. तिसरं, परवाना देणार असाल तर मागची बाकी काढू नये. तिने विखुरलेले स्पर्धक एका खोलीत आणून बसवले.

मायक्रो चॅनेलमधल्या कल्पनांचं पुढे काय झालं, तेही याच हिशेबात बसतं. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय आणली. कार्डात ओळखक्रमांक, जम्पर नाहीत, सुरू होताना आपोआप मांडणी, पातळीवर चालणारे वाटून घेता येणारे इंटरप्ट, कार्डाला बसचा ताबा. आयबीएमला १९८७ मध्ये जे हवं होतं ते जवळजवळ सगळं. पीसीआयचा स्लॉटही आयसापेक्षा वेगळाच होता, पण मदरबोर्डवर दोन्ही प्रकारचे स्लॉट शेजारीशेजारी दिले गेले. ते कित्येक वर्षं तसेच राहिले, म्हणून जुनं कार्ड लगेच टाकावं लागलं नाही. आणि प्रत्येक यंत्रामागे बसची रॉयल्टी मागायची इंटेलला गरज नव्हती. पीसीआय जितक्या यंत्रांत जाईल तितके तिचे प्रोसेसर आणि चिपसेट विकले जाणार होते.